पडद्याची दोन कामे

‘फादर, हा चित्रपट मुलांना दाखवावा की नाही?’ असा प्रश्न धर्मग्रामातील पालक आम्हांला नेहमी विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि तो धर्मगुरूला विचारण्याची परंपराही जुनी आहे. पोप अकरावे पायस यांनी १९३६ साली ‘विजिलांती कूरा’ हे परिपत्रक काढून चित्रपटांच्या बऱ्यावाईट प्रभावाविषयी भाविकांना जागे केले. त्या काळात कोणता चित्रपट पाहावा आणि कोणता टाळावा, याच्या याद्या अनेक देशांत चर्चच्या दारावर लागत असत. पुढे चर्चची दृष्टी व्यापक होत गेली. चित्रपटकलेची शताब्दी साजरी झाली तेव्हा, म्हणजे १९९५ साली, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. ‘बायसिकल थीव्ह्ज’, ‘शिंडलर्स लिस्ट’ आणि महात्माजींवरील ‘गांधी’ या चित्रपटांना त्या यादीत मानाचे स्थान मिळाले.

आम्ही चित्रपटांचे जाणकार नाही. आवडीने चित्रपट पाहणाऱ्यांपैकी एक आहोत. तथापि गेल्या काही वर्षांतील गाजलेले चित्रपट आणि परदेशांतील महोत्सवांत गौरवलेले चित्रपट पाहताना एक कसोटी आमच्या मनात हळूहळू तयार झाली आहे. आपल्या मराठीत ‘पडदा’ हा शब्द मोठा मार्मिक आहे. चित्र दाखवतो तोही पडदा आणि खिडकी झाकतो तोही पडदाच. चांगला दिग्दर्शक ही दोन्ही कामे जाणतो. काय दाखवावे याइतकेच काय झाकावे याचाही तो विचार करतो. आणि झाकलेल्या जागी प्रेक्षकाचे मन उभे राहते.

डिसेंबर २०२३ मध्ये आलेल्या ‘ॲनिमल’ या हिंदी चित्रपटाने गल्ला भरपूर जमवला. तीन तास एकवीस मिनिटांच्या या चित्रपटात एका हॉटेलात माणसांची अक्षरशः कत्तल होते आणि पार्श्वभूमीला आपले मराठी ‘डॉल्बीवाल्या’ हे गाणे वाजत असते. मूळचे ते २०१६ सालच्या ‘जाऊंद्या ना बाळासाहेब’ या चित्रपटातले. प्रेक्षकांनी त्या ठेक्यावर शिट्ट्या वाजवल्या. आम्हांला मात्र एक गोष्ट खटकली. कुऱ्हाडीखाली पडणाऱ्या त्या माणसांच्या तोंडावर मुखवटे आहेत. म्हणजे या चित्रपटाने रक्त, शस्त्रे, तुटणारी शरीरे असे सर्व काही दाखवले आणि झाकला तो फक्त मरणाऱ्याचा चेहरा! चेहरा नसलेल्या माणसाविषयी दया वाटत नाही. पडदा येथेही दोन्ही कामे करतो. पण नेमकी उलटी.

आता थोडा नाजूक विषय. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेला ‘छावा’ आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. छत्रपती संभाजी महाराजांनी १६८९ साली सोसलेल्या यातना चित्रपटाच्या अखेरच्या भागात विस्ताराने येतात. त्या पाहून अनेकांना रडू आवरले नाही. त्या अश्रूंविषयी आम्हांला आदर आहे. ज्या मातीत आपण वाढलो, त्या मातीच्या राजाने सोसलेले दुःख आपलेही आहे. तरीही प्रश्न उरतो. यातना इतक्या जवळून आणि इतका वेळ दाखवल्या की पाहणाऱ्याच्या मनात काय शिल्लक राहते? सोसणाऱ्याविषयी करुणा की मारणाऱ्याविषयी, आणि मग त्याच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या आजच्या माणसांविषयी, संताप?

हा प्रश्न आम्ही इतरांना विचारतो तेव्हा तो स्वतःच्या घरातही विचारला पाहिजे. मेल गिब्सन यांचा २००४ सालचा ‘द पॅशन ऑफ द क्राइस्ट’ हा चित्रपट कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत प्रायश्चित्तकाळात आवर्जून लावला जातो. त्यात प्रभूला फटके मारण्याचा प्रसंग कित्येक मिनिटे चालतो. मत्तय, मार्क आणि योहान या तिघा शुभवर्तमानकारांनी मात्र मूळ ग्रीक भाषेत फटक्यांच्या त्या शिक्षेसाठी एकेकच शब्द वापरला आहे. एक शब्द, आणि लेखणी पुढे सरकते. क्रुसावर खिळण्याचेही वर्णन ते करीत नाहीत. खिळले, एवढेच सांगतात. त्यांना दुःख कमी वाटत होते काय? ते ज्यांच्यासाठी लिहीत होते त्यांना फटके आणि क्रूस ठाऊक होते. वाचणाऱ्याच्या मनावर त्यांचा विश्वास होता. आपली क्रुसाची वाटही अशीच आहे. प्रत्येक स्थानाशी एक लहानसे चित्र, मग गुडघे टेकणे आणि मौन. उरलेले आपण आपल्या अंतःकरणात पाहायचे असते. गिब्सन यांच्या श्रद्धेविषयी आम्ही शंका घेत नाही; परंतु त्या चित्रपटावर ज्यू समाजाने घेतलेला आक्षेपही आपण कानाआड करू नये.

यावरून कोणी म्हणेल की, फादरांना गर्दीचे चित्रपट आवडत नाहीत. तसे नाही. क्रिस्टोफर नोलन यांचा ‘ओपेनहायमर’ २०२३ साली जगभर तुफान चालला. त्याची कमाई नव्वद कोटी डॉलर्सच्या वर गेली आणि पुढच्या वर्षी त्याला सात ऑस्कर मिळाली. अणुबाँब बनवणाऱ्या शास्त्रज्ञाची ही कथा; पण हिरोशिमावरचा स्फोट तीत दिसत नाही. तेथील जळालेल्या माणसांची छायाचित्रे ओपेनहायमरला दाखवली जातात, तेव्हा कॅमेरा छायाचित्रांकडे वळत नाही. तो ओपेनहायमरच्या चेहऱ्यावर खिळून राहतो आणि त्याची नजर खाली जाते. जपानी माणसांचे दुःख वगळले, अशी टीका या चित्रपटावर झाली आणि त्या टीकेत तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ती खाली गेलेली नजर आमच्या स्मरणात राहिली आहे. आपण केलेल्या कृत्याकडे पाहू न शकणारा माणूस धर्मगुरूला अपरिचित नसतो.

त्याच वर्षी कान महोत्सवात ‘ग्रां प्री’ मिळवणारा ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ हा जोनाथन ग्लेझर यांचा चित्रपट याहून पुढे जातो. ऑश्विट्झ छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ हेस याचे घर छावणीच्या भिंतीला लागून आहे. भिंतीच्या अलीकडे फुलबाग, पोहण्याचा हौद, वाढदिवस. भिंतीपलीकडचे कैद्यांचे हाल आपल्याला एकदाही दिसत नाहीत. ऐकू मात्र येतात. गोळ्यांचे आवाज, किंकाळ्या, भट्ट्यांची अखंड घरघर. घरातील माणसांना हे आवाज ऐकू येईनासे झाले आहेत. आपल्याला ऐकू येतात, आणि हाच तो चित्रपट. उत्तम ध्वनीसाठीचे ऑस्करही त्याला मिळाले.

चित्रपटात नसलेली एक गोष्ट वाचकांना सांगितली पाहिजे. हा हेस धार्मिक कॅथलिक घरात वाढला होता आणि त्याने धर्मगुरू व्हावे अशी त्याच्या वडिलांची इच्छा होती. पुढे त्याने चर्च सोडले. एप्रिल १९४७ मध्ये फाशी जाण्यापूर्वी त्याने एका पोलिश येशूसंघीय धर्मगुरूजवळ पापनिवेदन केले. देवाच्या दयेची सीमा आम्ही कोण ठरवणार? पण बालपणी शिकलेल्या प्रार्थना त्या भिंतीजवळ इतकी वर्षे कोठे गेल्या होत्या, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो. भिंती आपल्याही घरांना असतात. शेजारी उपाशी आहे, कामवाल्या बाईच्या अंगावर वळ आहेत, इमारतीच्या पायाशी झोपड्या तुटत आहेत. आणि अलीकडे आपली बाग फुललेली असते.

महोत्सवातले सारेच सोने असते असे मात्र कोणी समजू नये. कान येथे २०२४ साली उत्कृष्ट पटकथेचे पारितोषिक मिळवलेला ‘द सबस्टन्स’ स्त्रीदेहाच्या बाजारावर टीका करण्यासाठी निघतो आणि शेवटी रक्ताचे कारंजे उडवण्यात रमतो. मानाचे पदक लाभले म्हणून हाव संपत नाही.

त्याच महोत्सवात त्याच वर्षी पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ या चित्रपटाला ‘ग्रां प्री’ मिळाला. मुख्य स्पर्धेत तीस वर्षांनी भारतीय चित्रपट गेला होता. मुंबईतल्या एका इस्पितळातील दोन मल्याळी परिचारिका आणि तेथेच स्वयंपाक करणारी पार्वती यांची ही कथा. प्रभा या परिचारिकेचा नवरा जर्मनीत आहे. त्याच्याकडून भात शिजवण्याचे एक यंत्र येते. तो येत नाही. रात्री ती त्या यंत्राला कवटाळून बसते. छाया कदम यांनी साकारलेली पार्वती गिरणी कामगाराची विधवा. ज्या खोलीत तिचा संसार झाला ती तिची असल्याचा एकही कागद तिच्याजवळ नाही. बिल्डरपुढे हरून ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. काही प्रसंग प्रौढांसाठीच आहेत, हे पालकांनी ध्यानात घ्यावे. परंतु परदेशी गेलेल्या माणसांची वाट पाहणारी घरे आणि रात्रपाळी करून पहाटेच्या गाडीने परतणाऱ्या परिचारिका आपल्या धर्मग्रामांत किती आहेत! कोणतीही किंकाळी न दाखवता या चित्रपटाने त्यांचे चेहरे आपल्यासमोर आणले.

विम वेंडर्स यांचा ‘परफेक्ट डेज’ही असाच. टोकियोतील सार्वजनिक शौचालये स्वच्छ करणारा हिरायामा रोजचे काम मन लावून करतो, झाडांतून झिरपणाऱ्या उन्हाची छायाचित्रे टिपतो, जुन्या कॅसेटी ऐकतो. श्रीमंत बहीण गाडीतून भेटीला येते तेव्हा त्याच्या मागे काही मोठे दुःख आहे एवढे कळते. कोणते, ते दिग्दर्शक सांगत नाही. इतरांच्या जखमा उघड करून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही, हा केवढा संस्कार! कान येथे १९७४ पासून कॅथलिक व प्रोटेस्टंट परीक्षकांचे एक संयुक्त मंडळ पारितोषिक देत आले आहे. २०२३ साली त्यांनी याच चित्रपटाची निवड केली, याचे आम्हांला समाधान वाटते.

तेव्हा पालकहो, मुलांना काय दाखवावे याची यादी आम्ही देत नाही. आज चित्रपट मुलांच्या मुठीतल्या मोबाइलवर आहे. चर्चच्या दारावरच्या यादीने तो थांबणार नाही. त्यांच्याबरोबर बसून पाहा, आणि संपल्यावर दूरदर्शन संच बंद करून एवढेच विचारा, ‘यात कोणाचा चेहरा आपल्याला दिसला नाही?’ मूल विचार करू लागेल. कदाचित ते मुखवटे घातलेल्या माणसांविषयी बोलेल, कदाचित भिंतीपलीकडच्या आवाजांविषयी. आणि कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या इमारतीचा जिना झाडणाऱ्या माणसाचे नाव काय, असे ते तुम्हांला विचारील. ते नाव तुम्हांला ठाऊक असू द्या.