आधी रापणीवर ये

चि. चिनूस,

तुझ्या पीएच.डी.चा आराखडा वाचला. अभ्यासक्रम एका प्रकरणात, शिक्षकांचं प्रशिक्षण दुसऱ्यात आणि मूल थेट परिशिष्टातल्या चाचणीत! तुझ्या मार्गदर्शकांना चालेल, तुझ्या मास्तरीण आत्याला नाही.

हे तिन्ही एकत्र कसं येतं ते बघ. बालशिक्षणवाल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, तेव्हा पन्नाशी उलटलेली, माँटेसरी पद्धत कोळून प्यालेली. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. आंघोळ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हाही शिकवण्याचाच भाग. विकतची साधनं परवडणारी नव्हती; बिया, खडे, शिंपले, पानं होती. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरली. अभ्यासक्रम असा पोरांच्या मागे फिरत तयार झाला, आणि बालशिक्षिकाही तिथेच, पोरांच्या गलक्यात घडल्या. दोन बायांनी आयुष्य ओतलं म्हणून ते जमलं, हेही खरं. १९७५ मध्ये सरकारने अंगणवाड्या सुरू केल्या. नाव उचललं, ही रीत मात्र बरीचशी कोसबाडलाच राहिली.

शिकणं मात्र इथेही असंच चालतं. परवा किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढलं. पहिलीतला एक पोरगा आजोबांसोबत वाटे घालत होता. तारल्या एकीकडे, बांगडे दुसरीकडे. मग प्रत्येक वाट्यात लहान-मोठे सारखे पडले का ते बघायचं. एका वाट्यात बांगडा कमी दिसला, तर शेजारच्यातला उचलून टाकला आणि पुन्हा मोजलं. वर्गीकरण, तुलना, समान वाटणी, सगळं झालं. त्याच्या बाईंना हे कुणी दाखवलंय? त्या प्रशिक्षणाला जातात तालुक्याला, तिथे राज्यावरून जिल्ह्याला, जिल्ह्यावरून तालुक्याला पाझरत आलेल्या स्लाइड्स बघतात. तोवर त्यात मूल उरलेलं नसतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला, फार बरं केलं. पण अंगणवाडीची ताई महिला व बालविकासाकडे, पहिलीच्या बाई शिक्षण खात्याकडे. पोरगा तोच, खाती दोन. त्यात ताईचा निम्मा जीव आहार, वजनं आणि पोषण ट्रॅकरच्या अ‍ॅपमध्ये अडकलेला. तुझं संशोधन इथे धर बाय: या दोघींना एकाच प्रशिक्षणात, पोरांसमोर बसवलं, तर दोघींच्या शिकवण्यात काय बदलतं? चाचणीचे गुण नंतर मोज. आधी त्या दोघी एका पोराविषयी एकमेकींना काय सांगतात, ते लिहून घे.

त्यासाठी मुक्कामाला ये. मे महिन्यात नको. शाळा बंद, आणि आपली निवास-न्याहारीची खोली स्कूबावाल्या पाहुण्यांनी भरलेली असते. गणपती झाले की ये, अंगणवाडीतल्या ताईंना सांगून ठेवते. लॅपटॉप आण हवा तर, पण रापणीवर वही घेऊन चल. लॅपटॉपमध्ये वाळू गेली तर मी दुरुस्तीचे पैसे देणार नाही.

तुझी,
आत्या
तारकर्ली