वर्गणीदारांची घरं

सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांच्या घरी मराठी विज्ञान परिषदेची पत्रिका पोस्टाने यायची, त्या सगळ्यांची बालपणं थोडीफार सारखीच गेली. घर बहुधा डोंबिवली, ठाणे, मुलुंड, नाहीतर गिरगावातल्या एखाद्या चाळीतलं. वडील कारखान्यात, बँकेत किंवा रेल्वेत. शास्त्रज्ञ म्हणावा असा माणूस घरात सोडाच, नात्यातही नाही. अंकाभोवतीची कागदी पट्टी बाबा कधी फाडत नसत, सुरीच्या टोकाने अलगद सोडवत. तिची कोरी बाजू दूधवाल्याच्या हिशोबाला लागे. अंक आधी बाबांनी वाचायचा, मग आपण चित्रं बघायची, आणि वर्ष संपलं की सुतळीने बांधून माळ्यावर टाकायचा.

परिषद 1966 साली मुंबईत स्थापन झाली. तिचं सभासद व्हायला विज्ञानाची पदवी लागत नसे, आणि ही गोष्ट आपल्या बाबांसाठी फार मोलाची होती. मॅट्रिकपर्यंत मराठीत शिकलेली ही माणसं दिवसभर इंग्रजी पत्रांना इंग्रजी उत्तरं लिहीत. यंत्र चालवता येई, पण ते का चालतं हे आपल्या भाषेत सांगणारं कुणी भेटलं तर त्यांना हवं होतं. म्हणून संध्याकाळी कामावरून परस्पर व्याख्यानाला जायचं, वक्त्याला चिठ्ठीवर प्रश्न लिहून पाठवायचा आणि शेवटच्या गाडीने परतायचं. त्यांची गरज एवढीच होती, आणि परिषद ती भागवत होती.

घराची गरज मात्र निराळी होती. 1979च्या जुलैत अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब पडणार म्हणून गल्लीत घबराट उडाली, तेव्हा शेजारीपाजारी आपल्या बाबांकडे आले. पत्रिका येणारं घर म्हणजे यांना कळत असणार, हा हिशोब! बाबांनी नकाशा उघडून पृथ्वीवर पाणी किती नि जमीन किती हे समजावलं. लोकांनी मान डोलावली आणि घरी जाऊन देव पाण्यात ठेवले. पुढच्याच वर्षी, 16 फेब्रुवारी 1980ला सूर्यग्रहण आलं. त्या दुपारी मुंबईचे रस्ते ओस पडले होते, दूरदर्शनने लोकांच्या करमणुकीला सिनेमा लावला होता, आणि पत्रिकावाल्या घरांत आजी विरुद्ध बाबा असा सामना रंगला होता. आजीने पाण्यावर तुळशीपत्रं ठेवली, बाबांनी मुद्दाम त्या वेळेत चहा मागितला. आईने तो केला, तुळशीपत्रंही काढली नाहीत. 1995च्या दिवाळीतल्या ग्रहणाला मात्र तीच आजी चष्मा लावून गच्चीवर आली. पंधरा वर्षांतला हा फरक एकट्या परिषदेमुळे पडला असं कुणी म्हणणार नाही. पण तिच्यासारख्या संस्थांचे कार्यकर्ते गावोगाव ग्रहण समजावत हिंडले, त्याचा वाटा त्यात नक्की आहे.

आपल्याला, म्हणजे पोरांना, परिषदेने पकडलं ते गोष्टींनी. तिच्या विज्ञानकथा स्पर्धेची एक हकिकत प्रत्येक घरात सांगितली जाई. 1974 साली नारायण विनायक जगताप नावाच्या कुणा नवख्याची ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी नाव घेतलं होतं, कारण पद्मभूषण मिळालेल्या खगोलशास्त्रज्ञाच्या नावामुळे परीक्षकांवर दडपण यायला नको होतं. व्याख्यानांनी जे वाचक परिषदेकडे आले नसते, ते या कथांनी आणले. विज्ञान समजावून सांगणाऱ्या संस्थेने कथास्पर्धा घ्यावी, हे तेव्हा काही गंभीर सभासदांना थिल्लर वाटलंही असेल. मला विचाराल तर तो परिषदेचा सर्वांत शहाणा निर्णय होता.

आता आयांकडे येऊ. सभासदत्व घरटी एकच, तेही बाबांच्या नावाने. आई बी.एस्सी. झालेली असली तरी तिच्या वाट्याला अंक यायचा तो डबे भरून झाल्यावर. तिचा खरा प्रवेश झाला शहरी शेतीमुळे. डॉ. आर. टी. दोशी यांनी मुंबईत रुजवलेली ही पद्धत परिषदेने उचलली: उसाची चिपाडं, घरातला ओला कचरा, नावापुरती माती, आणि कुंडीऐवजी जुनं पिंप किंवा प्लॅस्टिकची पिशवी. मुलुंडची आई कुर्ल्याला गाडी बदलून एकटी चुनाभट्टीला परिषदेच्या विज्ञान भवनात जाऊ लागली. परत येताना रसवंतीवाल्याकडून चिपाडांची गोणी. आधी तो फुकट द्यायचा. मागायला बायका वाढल्यावर गोणीमागे पैसे घ्यायला लागला. चिपाडांना मुंग्या लागल्या, सोसायटीत गळतीवरून पत्रापत्री झाली, पण आईची वांगी धरली. कचरा कुजताना आत काय होतं, पिंपाला भोक तळाला पाडायचं की बाजूला, पानं पिवळी का पडतात, यावर आई आता बाबांना ऐकवू लागली. बाबा गोणी धरायला सोबत जाऊ लागले.

परिषदेने हे सगळे बदल आधी आराखडा करून केले, असं मला वाटत नाही. शब्द हवे असणाऱ्यांना तिने व्याख्यानं दिली, गोष्टी हव्या त्यांना कथा, गच्ची असणाऱ्यांना वांगी. ज्यांना सभागृहापर्यंत येणं होईना त्यांच्यासाठी ‘लोकसत्ते’त ‘कुतूहल’ हे छोटं सदर आलं. चहा संपेपर्यंत वाचून होईल एवढंच. करोनाच्या टाळेबंदीत व्याख्यानं पडद्यावर आली. ऐंशी ओलांडलेले बाबा माइक चालू ठेवून मोठ्याने विचारत, “ऐकू येतंय का?” मग पुण्यातून, बडोद्यातून, अमेरिकेतून एकदम चारजण “हो” म्हणत. गुडघ्यांमुळे सुटलेली व्याख्यानं त्यांना अशी परत मिळाली.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. आपण मुलांना इंग्रजी माध्यमात घातलं. त्यांना कुठलाही प्रश्न पडला की उत्तर हातातल्या फोनवर आहे, तेही फुकट. पंधरा मिनिटांच्या चित्रफितीपुढे महिन्याने येणारा अंक काय टिकणार! मराठीतून विज्ञान हवं असणारी मुलं आजही आहेत, पण ती आपल्या घरांत कमी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत जास्त. उद्याचे सभासद तिथेच आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्यापैकी कितीजणांनी आयुष्यभर बाबांच्या नावावर आलेले अंक वाचले, आणि स्वतःच्या नावाने वर्गणी भरायची ती भरलीच नाही! आता निवृत्तीचे दिवस आलेत, वेळ आहे, पेन्शन आहे. वर्गणी भरा. जमलं तर आणखी एक भरा, आपल्या गावच्या शाळेच्या नावाने. आणि सोबत चार ओळी लिहून त्या शाळेतल्या पोरांना काय हवंय तेही कळवा. मागितल्याशिवाय परिषदेला तरी कसं कळणार?