स्टेशनजवळची खोली

प्रदर्शनाच्या आठवड्यात फ्रँकफर्टमध्ये साधी खोलीसुद्धा परवडत नाही. रसायन उद्योगाच्या यंत्रसामग्रीचं ‘अकेमा’ प्रदर्शन तिथे दर तीन वर्षांनी भरतं, आणि जगभरचे कारखानदार, इंजिनिअर, पंप नि व्हॉल्व्ह विकणारे सगळे एकदम त्या शहरात उतरतात. मग तारापूर एमआयडीसीतल्या आमच्यासारख्या लहान कारखान्यांची माणसं आजूबाजूच्या गावांत मुक्काम करतात आणि रोज गाडीने प्रदर्शनाला जातात. मला त्यात कधी कमीपणा वाटला नाही. फ्लाइंग राणीच्या डबलडेकर डब्यातून मुंबईला ये-जा केलेल्या बोईसर-पालघरच्या माणसाला घर एकीकडे आणि काम दुसरीकडे, हेच ओळखीचं असतं.

२०१८च्या जूनमध्ये मी हानाऊला राहिलो. तिथलं हॉटेल म्हणजे खाली न्याहारीची खोली आणि वर मोजक्या खोल्या. संध्याकाळनंतर काउंटरवर कुणी नसे. मालकीणबाईंनी बाहेरच्या दाराची आणि खोलीची अशा दोन किल्ल्या एका जड पितळी गोळ्याला अडकवून हातात दिल्या आणि दार कसं लावायचं ते करून दाखवलं. आधी हँडल वर उचलायचं, मग किल्ली फिरवायची. मग मला करायला लावलं. जमलं तेव्हा त्या मनापासून हसल्या.

सकाळी टेबलावर फडक्याखाली गरम गोल पाव असत, वरून कडक आणि आत मऊ. उकडलेलं अंडं गार होऊ नये म्हणून त्यावर लोकरीची टोपी. लाल, हिरवी, पट्ट्यापट्ट्यांची, सगळ्या बाईंनीच विणलेल्या. मी चहात दूध घालतो हे त्यांनी पहिल्या दिवशी पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून दूध न मागता, कोमट करून येऊ लागलं. त्यांचं इंग्रजी जेमतेम, मला जर्मन येत नाही. तरी न्याहारी लांबायची. भिंतीवर जुन्या हानाऊचे फोटो होते. १९ मार्च १९४५च्या बॉम्बहल्ल्यात ते जुनं गाव जवळजवळ सगळं उद्ध्वस्त झालं. एका फोटोतल्या गल्लीवर बोट ठेवून बाई म्हणाल्या, माझी आई इथे राहायची. त्या संध्याकाळी मी मुद्दाम ती जागा शोधत गेलो. जूनमध्ये तिथे साडेनऊपर्यंत उजेड असतो. चौकात ग्रिम बंधूंचा पुतळा आहे, ते मूळचे याच गावचे. परीकथांची पुस्तकं आमच्या घरातही होती, पण ती गोळा करणारी माणसं कुठली, हे मला इतक्या वर्षांनी त्या पुतळ्याशेजारी उभं राहून कळलं. मोठ्या हॉटेलात उतरलो असतो तर हानाऊ मला फक्त गाडीच्या पाटीवर दिसलं असतं.

ओसाकाला दोशोमाची भागाजवळ राहिलो होतो. औषधांच्या व्यापाऱ्यांची ती जुनी पेठ, त्यामुळे मी तिथे भारावूनच हिंडलो. हॉटेलची खोली इतकी लहान की बॅग उघडली की दार उघडायचं नाही. न्हाणीघरात बेसिन आणि टबासाठी मिळून एकच लांब नळ होता, हवा तिकडे वळवायचा. अशी काटकसर पाहिली की आमच्या धंद्यातल्या माणसाला हात जोडावेसे वाटतात. जपानमधला मुक्काम म्हटलं की माझ्या मनात आणखी एक जागा येते. नीगाता भागात, तोकामाचीला, जुन्या शाळेच्या इमारतीत मिथिला संग्रहालय आहे. आपल्या भागातल्या वारली चित्रकारांनी तिथे राहून चित्रं काढली. गंजाडचे जिव्या सोमा म्हसेही त्यांतलेच. बर्फाच्या त्या मुलखात त्यांना पहिल्या रात्री झोप कशी लागली असेल, हे मला नेहमी विचारावंसं वाटे. २०१८ साली म्हसे गेले, आणि विचारायचं राहिलं.

बोईसरलाही परक्या माणसांची सवय आहे. १९६९ साली तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं, पुढे एमआयडीसी वाढली, आणि कुठला ना कुठला फिटर, वेल्डर, इन्स्पेक्टर इथल्या लॉजवर उतरतच राहिला. आमच्या नव्या सेंट्रिफ्यूजच्या उभारणीसाठी दिवाळीनंतर एक जर्मन फिटर आला, तेव्हा त्याला मुंबईत ठेवून रोज हायवेने आणायचं घाटत होतं. मी हट्टाने त्याला स्टेशनजवळच्या लॉजवर ठेवलं. लॉजच्या शेठना म्हटलं, “पाहुणा लांबचा आहे, चहा सकाळी लवकर लागेल.” शेठ म्हणाले, “साहेब, काळजी नका करू. पहिल्या पाळीची माणसं असतात आपल्याकडे, साडेपाचला चहा तयार.”

लॉजखालच्या खानावळीतले तळलेले बोंबील आणि तांदळाची भाकरी त्याला भलतीच आवडली. काम संपल्यावर शेवटची रात्र विमानतळाजवळच्या हॉटेलात ठेवली होती, ती त्याने आपणहून रद्द करायला लावली आणि पहाटे बोईसरहूनच निघाला. शेठनी वाटेत खायला घोलवडचे चिकू दिले. साल काढायची की नाही, हे तो गाडी सुरू होईपर्यंत विचारत होता आणि शेठ खिडकीशी वाकून, एक चिकू हाताने फोडून दाखवत होते.