ओठ न हलवता

लातूरला आमच्या घरी दूरचित्रवाणी संच नव्हता. गल्लीत एकच होता, एका गुरुजींकडे, आणि आम्ही पोरे दारातल्या चपलांच्या ढिगाला टेकून तो पाहत असू. १९८४च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपकांचे जाळे झपाट्याने पसरले, त्या लाटेत आमच्यासारख्या गावांपर्यंत चित्र पोहोचले. पण ते दिल्लीचे. मुंबई केंद्राच्या मराठी कार्यक्रमांसाठी आणखी काही काळ थांबावे लागले. ते दिसू लागले तेव्हा त्यांत आम्ही ज्याची सर्वाधिक वाट पाहत असू तो माणूस नव्हता, लाकडी जबड्याचा बाहुला होता. अर्धवटराव.

यशवंत केशव पाध्ये यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात त्याला रंगमंचावर आणले. त्यांचे चिरंजीव रामदास पाध्ये यांनी १९६७पासून तो वारसा चालवला; अर्धवटरावांना आवडाबाईंची जोड होतीच. (पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा त्याआधीच आमच्या परिचयाचा झाला होता. त्याच्यामागेही पाध्येच आहेत, हे मात्र फार उशिरा कळले.) आम्हांला काय आवडत असे? उलट उत्तर. ज्याच्या मांडीवर बसायचे त्यालाच चारचौघांत निरुत्तर करायचे, आणि त्याने ते हसून सोसायचे! ज्या घरांत वडिलांसमोर बसण्याचीही चोरी, तेथल्या मुलांना याहून मोठा चमत्कार कोणता?

या कलेला मराठीत शब्दभ्रम म्हणतात. युरोपीय भाषांतले तिचे लॅटिन नाव आवाज पोटातून येतो असे सांगते. आपले नाव फसगत ऐकणाऱ्याच्या कानात ठेवते. आम्हांला आपले नाव अधिक खरे वाटते. मुळात पोटाचा येथे फारसा संबंध नाही. ओठ किंचित विलग ठेवायचे, ते हलू द्यायचे नाहीत, आणि सारे काम जिभेवर सोपवायचे. अडचण होते ती प, फ, ब, भ, म या ओष्ठ्य वर्णांची. ते ओठ मिटल्यावाचून निघतच नाहीत. जिभेने त्यांच्या जवळपासचा दुसरा ध्वनी काढायचा आणि बाकीचे श्रोत्याच्या सवयीवर सोडायचे. आम्ही दोघे भाऊ आरशासमोर तासन्‌तास याचा सराव करीत असू. आमच्या तोंडी ‘मी’चा ‘नी’ होई आणि ‘आम्ही’चा ‘आन्ही’. मी, माझा, आम्ही, आमचा, आपण: मराठीत स्वतःविषयी बोलायचे तर प्रत्येक वेळी ओठ मिटावेच लागतात, हे तेव्हा ध्यानात आले नव्हते. बाहुल्याला सर्वांत अवघड जाणारा शब्द ‘मी’च असावा.

१९९०च्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात धाकट्याने बाहुल्याचा कार्यक्रम केला. वडिलांचा तपकिरी मोजा, त्याला कोटाच्या दोन गुंड्यांचे डोळे. सूत्रसंचालन आमच्याकडे होते. त्याने ओठ लपवण्याचा प्रयत्नच केला नाही. उघड उघड दोन्ही बाजूंनी तोच बोलत होता. स्वतः पुस्तकी मराठीत, आणि मोजा मात्र हुबेहूब आमच्या आजीच्या बोलीत.

“काय करायलास रं? मास्तर व्हायलास का?” मोज्याने विचारले. “आमची आजी म्हणती, मास्तर लोक तोंड हलवायच्या आधी छडी हलवतेत.”

मंडप हसून हसून लोळला. मास्तरही हसले. आम्हांला मात्र ते हसू आमच्या घराला, आजीच्या लुगड्याला, चुलीपुढच्या बोलण्याला हसल्यासारखे वाटले. अर्धवटराव असे बोलत नसत. ते मालकाइतकेच स्वच्छ, मुंबईचे मराठी बोलत, आणि विनोदसुद्धा प्रमाणभाषेतच शोभतो असा आमचा समज त्यांच्यामुळे पक्का झाला होता. आम्ही ध्वनिक्षेपक उचलला आणि त्याचा कार्यक्रम संपण्याआधीच पुढच्या नृत्याची घोषणा केली. पडद्यामागे त्याला एवढेच म्हणालो, “बाहुल्यालासुद्धा नीट बोलता आलं पाहिजे.” त्याने हातातला मोजा काढला, गुंड्या तोडल्या, आणि घरी आल्यावर तो वडिलांच्या बुटात परत ठेवला. त्यानंतर त्याने बाहुला केला नाही.

१९९३ साली ‘झपाटलेला’ आला. पाध्यांनी घडवलेल्या तात्या विंचूला आवाज दिलीप प्रभावळकरांचा होता, आणि आमच्या गल्लीतल्या मुली बाहुल्या पेटीत कुलूपबंद करू लागल्या. त्याच वर्षी ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मग कितीतरी दिवस बाहुल्यांविषयी कोणी बोलले नाही.

पुढे आम्ही नांदेडला मराठी शिकवू लागलो. संस्कृत नाटकातला राजा संस्कृत बोलतो आणि त्याला टोचून बोलणारा विदूषक प्राकृत, हे दरवर्षी वर्गात सांगतो. तमाशातल्या सोंगाड्याचे उदाहरण देतो. बोलीच्या सामर्थ्यावर व्याख्यान देतो तेही, अर्थात, प्रमाणभाषेत. मुले उतरवून घेतात. एका वर्षी हाच भाग शिकवताना मोजा आठवला आणि वाक्य मध्येच तुटले. विदूषकाला प्राकृत हवी, हे आमच्या सहावीतल्या भावाला कोणी शिकवले नव्हते, आणि आम्ही नववीत असून त्याच्या हातातून ती काढून घेतली होती. या लेखात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आहोत, तोही एक शब्दभ्रमच. निबंधातला मोठा आवाज, आणि त्यामागे ओठ मिटून बसलेला एकटा माणूस.

गेल्या दिवाळीत लोहा-अहमदपूरमार्गे लातूरला गेलो. पुतणी भ्रमणध्वनीवर अर्धवटरावांची जुनी चित्रफीत पाहत होती. “पप्पा, तुम्हांला येतं असं?” तिने विचारले. धाकटा नाही म्हणाला. तिने कपाटातून आपला शाळेचा पांढरा मोजा आणला आणि त्याच्या हातावर चढवला. तो बराच वेळ नुसता बसून राहिला. मग मोज्याने हळूच मान आमच्याकडे वळवली.

“काय दादा,” आजीचा आवाज होता तो, तीस वर्षांमागे गेलेल्या आजीचा, “पुढचा कार्यक्रम सांगायलाव का आता?”

पुतणी हसत सुटली. धाकट्याचे ओठ स्पष्ट हलत होते.