वाळूच्या नळीतले मीठ

भूजलात विरघळलेला पदार्थ पाण्याबरोबर वाहतो, पण तो सगळा एकाच वेळी पोचत नाही. वाळूच्या कणांमधून पाण्याला सरळ वाट मिळत नाही. रुंद पोकळीतले पाणी पुढे निघून जाते, अरुंद पोकळीतले मागे राहते. एकाच पोकळीतही कणाला लगटून जाणारे पाणी मधल्या पाण्यापेक्षा हळू चालते, आणि प्रत्येक कणापाशी वाटा फुटतात. म्हणून एका जागी शिरलेला क्षार जसजसा पुढे जातो तसतसा लांबत जातो. या पसरण्याला अपस्करण म्हणतात. रेणूंचे आपोआप होणारे विसरण त्याच्या जोडीला असतेच, पण ते अतिशय मंद असते; वाळूतल्या साचलेल्या पाण्यात क्षार वर्षभरात जेमतेम वीतभर पसरतो.

प्रस्तुत लेखकाने हे प्रत्यक्ष पाहिले ते विद्यार्थिदशेत, प्रयोगशाळेत. १२० सेंमी लांब आणि १० सेंमी व्यासाची अ‍ॅक्रिलिकची नळी नदीच्या धुतलेल्या वाळूने भरायची होती. वाळू पाण्यातच सोडायची आणि नळीवर हलके ठोकत राहायचे, कारण हवेचा एक बुडबुडा अडकला तरी पाणी वाट बदलते. सच्छिद्रता ३८ टक्के निघाली. म्हणजे पोकळ्यांत सुमारे ३.६ लिटर पाणी. खालून मिनिटाला २० मिलिलिटर या वेगाने लिटरला १ ग्रॅम मीठ घातलेले पाणी सोडले. हिशेब सरळ होता: १८० मिनिटांनी मीठ वरच्या तोंडाशी यावे.

पाण्यातल्या क्षाराचे प्रमाण दाखवणाऱ्या वाहकतामापकाचा आकडा त्याआधीच, अडीच तासांच्या सुमारास, हलू लागला. तीन तासांनी तो निम्म्यावर पोचला आणि पूर्ण व्हायला आणखी पाऊण तास गेला. आलेखावर उभी रेघ अपेक्षित होती. उमटला तो तिरकस, इंग्रजी ‘एस’सारखा वळणदार चढ. अमेरिकेत भूजलाचे अभ्यासक चार्ल्स स्लिक्टर यांना विसाव्या शतकाच्या आरंभीच जमिनीत सोडलेले क्षार शेजारच्या विहिरीत असेच हळूहळू पोचताना दिसले होते. हा चढ नीट समजून घ्यायला हवा. विहिरीचे पाणी बिघडायला प्रदूषणाचा मधला भाग यावा लागत नाही. पुढे आलेली धार पुरते. सरासरी वेगावरून काढलेली मुदत त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्यांना खोटा दिलासा देते.

नळीत जे सेंटीमीटरांत दिसते ते जमिनीत मीटरांत जाते, कारण तिथे कणांच्या जोडीला थरांचाही फरक असतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांतात, बोर्डन येथील वालुकामय जलधरात, ऑगस्ट १९८२ मध्ये क्लोराइड आणि सेंद्रिय द्रव्ये असलेले सुमारे १२ घनमीटर द्रावण सोडून त्याचा माग हजारो नमुनाबिंदूंवरून सुमारे तीन वर्षे काढला गेला. पाणी दिवसाला सुमारे ९ सेंमी सरकत होते. क्लोराइडचा ढग प्रवाहाच्या दिशेने चांगलाच ताणला गेला, आडवा मात्र फार थोडा पसरला. सेंद्रिय द्रव्ये मागे पडली, कारण ती वाटेत मातीच्या कणांना धरून बसत होती.

हे धरून बसणे, म्हणजे अधिशोषण, नळीतही दिसले. दुसऱ्या दिवशी मिठासोबत थोडे मिथिलीन ब्लू सोडले. मीठ ठरल्याप्रमाणे वर आले. निळा पट्टा मात्र संध्याकाळपर्यंत तळापासून चार बोटेही हलला नव्हता. पाणी एकच, वाट एकच, पण दोन द्रव्यांचा प्रवास निराळा. म्हणूनच विहिरीत आज एखादे द्रव्य सापडले नाही, एवढ्यावरून ते वाटेत नाही असे ठरवता येत नाही.

दोन्ही प्रयोगांच्या मध्ये नळी धुतली होती. ३.६ लिटर गोडे पाणी पुरायला हवे होते. प्रत्यक्षात आकडा मूळ जागी यायला जवळजवळ ९ लिटर लागले. शेवटचे मीठ बंद तोंडाच्या पोकळ्यांत दडलेले होते. तिथे प्रवाह पोचत नाही, आणि बाहेर यायला त्याला मंद विसरणाखेरीज दुसरी वाट नसते.

दख्खनच्या बेसाल्टमध्ये वाहत्या आणि अडकलेल्या पाण्यातला हा फरक फार मोठा होतो. भेगांतून आणि मांजऱ्या खडकाच्या जोडलेल्या छिद्रांतून पाणी झपाट्याने जाते; बाजूचा घट्ट पाषाण क्षार सावकाश मुरवून घेतो आणि तितक्याच सावकाश परत सोडतो. पुढे कामानिमित्त लेखक एका गावात विहिरी मोजत होता. एका कारखान्याच्या उघड्या खड्ड्यातले सांडपाणी उताराकडच्या एका विहिरीत उतरले होते. शेजारची, हाकेच्या अंतरावरची विहीर गोडी राहिली, कारण ती त्या अरुंद पट्ट्याच्या बाहेर होती. ज्या बाईंच्या शेतात ती बिघडलेली विहीर होती, त्या दर खेपेला एकच विचारत: पाणी कधी गोडे होईल? खड्डा उपसून बुजवल्यानंतर दोन पावसाळे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यातही त्या विहिरीची वाहकता शेजारच्या विहिरीच्या दुपटीहून अधिक होती.