दोन गिअर एकदम

मंडळी, बरेच शनिवार इथे काहीच आलं नाही. एक-दोघांनी विचारलंसुद्धा, "काय रे, जिवंत आहेस ना?" आहे. पण कारण जरा लांबलचक आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

गोष्ट सुरू होते २०२३ च्या दिवाळीत. हातात बोनस होता, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मी लेगो टेक्निकची फेरारी डेटोना एसपी-३ मागवली. फेरारीने खरी गाडी २०२१ च्या शेवटी दाखवली होती, फक्त ५९९ बनवणार असं सांगून. लेगोने २०२२ मध्ये तिचं एकास आठ मापाचं मॉडेल काढलं. तुकडे ३,७७८. जोडून झाल्यावर लांबी ५९ सेंटीमीटर. किंमत लिहीत नाही, कारण बायको हे वाचते :-)

आता कोणी म्हणेल, एवढा घोडा झालास आणि खेळणी कसली जोडतोस! त्यावर माझं उत्तर तयार आहे. या गाडीच्या पोटात बारा पिस्टनचं इंजिन आहे, मागच्या चाकांमध्ये डिफरन्शियल आहे आणि स्टिअरिंगजवळच्या पट्ट्या ओढून बदलायचा आठ गिअरचा गिअरबॉक्स आहे. मोटर नाही. हाताने गाडी ढकलली की चाकं फिरतात, चाकांबरोबर आतले गिअर फिरतात आणि पिस्टन खरोखर वरखाली होतात. गिअर बदलला की त्याच ढकलण्यात पिस्टनचा वेग बदलतो. तर असं हे खेळणं.

पण खोका घरी आला आणि कपाटावर जाऊन बसला. रिलीज, ऑनसाइटचे कॉल, पनवेल ते ऐरोली रोजची ये-जा. दीड वर्ष मी त्याच्याकडे मान वर करून बघायचो, तेवढंच.

मग गेल्या जूनमध्ये एका सकाळी वीस मिनिटांच्या कॉलवर आमच्या अख्ख्या टीमला नारळ मिळाला. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यात काही अर्थही नाही. कॉल संपला, पाच मिनिटांत लॅपटॉप लॉक झाला. बाहेर पाऊस असा, की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती.

बायकोला लगेच सांगितलं. तिने कागद घेऊन हिशोब मांडला. तिच्या पगारात घराचा हप्ता निघेल, बाकीचं साठवणीतून सहा-सात महिने निभेल. दोघांचं एकमत झालं की बाबांना सांगायचं नाही. बाबा बहात्तर वर्षांचे. कळंबोलीला ट्रकच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक होते, गिअरबॉक्स हे त्यांचं खास काम. हातात काम नसलेला माणूस त्यांना बघवत नाही. शिवाय आई गेल्यापासून झोप कमी. म्हटलं, नवीन नोकरी लागली की दोन्ही बातम्या एकदमच देऊ.

मग माझं 'वर्क फ्रॉम होम' सुरू झालं. सकाळी नऊला आंघोळ करून, शर्ट घालून खोलीत जायचं आणि दार लोटून घ्यायचं. दुपारपर्यंत बायोडेटा पाठवायचे, ओळखीच्यांना मेसेज करायचे. पण ते करून करून किती करणार? चौथ्या दिवशी दुपारी मी स्टुलावर चढलो आणि खोका खाली काढला.

टेक्निक ज्यांनी केलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. लहानपणी आपल्याकडे मेकॅनिक्सचा सेट असायचा, भोकांच्या पत्र्याच्या पट्ट्या, नट-बोल्ट आणि छोटा पाना. त्याचं मूळ म्हणजे इंग्लंडमधल्या फ्रँक हॉर्नबीचं १९०१ च्या पेटंटमधून निघालेलं मेकॅनो. लेगोचं टेक्निक १९७७ मध्ये आलं. कल्पना तीच, फक्त पट्ट्या प्लॅस्टिकच्या आणि नट-बोल्टऐवजी पिना. काळ्या पिना भोकात घट्ट बसतात, काही दुसऱ्या रंगाच्या सैल फिरतात. दिसायला भाऊ-भाऊ. एकीच्या जागी दुसरी गेली की जे फिरायला हवं ते फिरत नाही. पुस्तिकेत एक शब्द नसतो, नुसती चित्रं. दांड्यांची चित्रं तर खऱ्या मापात छापलेली, म्हणजे हातातली दांडी चित्रावर ठेवून ताडून बघायची.

त्यामुळे एक गंमत होते. तुम्हाला काहीही न समजता अख्खी गाडी जोडता येते. चित्र बघा, तुकडा उचला, खट्. पुढचं पान. डिफरन्शियल कशासाठी असतो हे विचारायची गरजच नाही. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला तेच हवं होतं. असं काम, ज्यात पुढची पायरी नेहमी छापलेली असते.

सातव्या-आठव्या दिवशी बाबा चहाचा कप घेऊन दार ढकलून आत आले. टेबलावर आमची सगळी स्टीलची ताटं, प्रत्येक ताटात तुकड्यांचा ढीग.

"हे काय? ऑफिसचं काम?"

मी म्हटलं, "टीम बिल्डिंग ॲक्टिव्हिटी आहे बाबा." आयुष्यातलं सगळ्यात भिकार उत्तर.

बाबांनी अर्धवट झालेला सांगाडा उचलला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ धरून मागची दांडी फिरवली. "क्राउन-पिनियन पण केलंय की रे!" म्हणाले. कप तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तीनच्या ठोक्याला हजर. चित्रं त्यांना नीट दिसत नाहीत, हातही थोडा थरथरतो, त्यामुळे जोडायचं मी आणि तुकडे काढून द्यायचे त्यांनी. पिन, दांडी असले शब्द ते वापरेनात. बुश दे, शाफ्ट घे, हाउसिंग उलटं धरलंयस. आठ दातांचं चाक त्यांना बोटाने चाचपून कळायचं.

एकदा मी सांगितलं की लेगो सुरू करणारा ओले कर्क क्रिस्टियानसन हा डेन्मार्कमधल्या बिलुंड गावचा सुतार. १९३२ मध्ये लाकडी खेळणी करायला लागला. विटांचं प्लॅस्टिक नंतरचं, आणि आज आपण बघतो त्या घट्ट बसणाऱ्या विटेचं पेटंट १९५८ चं. बाबा खूश. "सुतार? मग पनवेलचाच म्हणायचा!" आमचं पनवेल एकेकाळी बैलगाडीच्या चाकांसाठी प्रसिद्ध होतं, इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही त्याची नोंद आहे. बाबांनी लहानपणी धाव चढवताना पाहिलंय. धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा किंचित लहान करतात, जाळात लाल करून फुगवतात, चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. लोखंड आकसतं आणि सगळे आरे आवळले जातात. ना खिळा, ना डिंक. "ह्याच्यात पण डिंक नाही ना?" बाबांनी विचारलं. नाही. नुसतं माप.

असो. तीन आठवड्यांत लाल बॉडी चढली, दारं वर उघडायला लागली, टायर बसले. हुश्श! मी गाडी टेबलावर ठेवून ढकलली. पिस्टन छान वरखाली. पट्टी ओढली, दुसरा गिअर. तिसरा. चौथा. पाचव्याला गाडी गच्च. जोर लावला तर आतून कट् कट् आवाज. सहावा ठीक, सातवा पुन्हा गच्च.

मी पट्टी ओढून ओढून गाडी पुन्हा पहिल्यावर आणली. म्हटलं, "राहू दे बाबा. शोकेसमध्येच तर ठेवायचीय."

बाबांनी गाडी ओढून घेतली. कानाजवळ धरली आणि पाचव्यावर टाकून मागचं चाक अगदी हळू मागेपुढे केलं. डॉक्टर नाडी बघतात तसं. मग म्हणाले, "दोन गिअर एकदम पडतायत."

मग त्यांनी मला जे समजावलं ते मला कॉलेजात चार वर्षांत कोणी समजावलं नव्हतं. गिअरबॉक्समधली चाकं एकमेकांत कायम गुंतलेलीच असतात. गिअर टाकणं म्हणजे त्यातल्या एका जोडीला शाफ्टशी अडकवणं. आता दोन जोड्या एकदम अडकल्या तर शाफ्टला एकाच वेळी दोन वेगांनी फिरावं लागेल. ते जमत नाही, म्हणून तो अजिबातच फिरत नाही. ट्रकमध्ये असं होऊ नये म्हणून गिअरच्या रॉडांमध्ये एक पिन असते. एक रॉड सरकला की ती दुसऱ्याला जागेवरच धरून ठेवते. आमच्या गाडीत ते काम फिरणारे ड्रम करतात, मोटरसायकलमध्ये असतात तसे खाचांचे. ते एकमेकांशी जुळवून बसवायचे असतात. मी त्यातला एक, एक घर चुकवून बसवला होता. कधी? पहिल्या आठवड्यात, जेव्हा मी पानामागून पान उलटत होतो आणि डोकं दुसरीकडेच होतं.

आणि तो ड्रम बसलेला कुठे, तर सगळ्याच्या तळाशी. म्हणजे जवळजवळ अख्खी गाडी उसवायची.

"कोणाला कळणार आहे बाबा? कोण पाचवा गिअर टाकून बघणार?"

"कोणी नाही बघणार," बाबा म्हणाले आणि छपराचा तुकडा काढून ताटात ठेवला.

उसवायची पुस्तिका नसते. काय कशावर बसलंय हे समजून घेत मागे यावं लागतं. त्या दोन दुपारी मी पहिल्यांदा त्या गाडीकडे नीट बघितलं. दुसऱ्या दुपारी, गिअरबॉक्स उघडा पडलेला असताना, बाबांनी मान वर न करता विचारलं, "किती दिवस झाले?"

"तीन आठवडे होतील ना जोडायला."

"ते नव्हे. काम सुटून."

मी गप्प. ताटातल्या पिना सारख्या करत बसलो.

"आधी दिवसभर खोलीतनं तुझं इंग्रजी ऐकू यायचं. हॅलो, कॅन यू हिअर मी. महिनाभर खोली गप्प आहे. मला दिसत कमी असेल, ऐकू नीट येतं."

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी मी कधीच ऐकली नव्हती. मी चौथीत असताना त्यांचं गॅरेज पाच महिने बंद होतं. आईला सांगितलं नाही. रोज डबा घेऊन निघायचे आणि काम मिळालं नाही तर वडाळे तलावाच्या काठी बसून डबा खायचे, संध्याकाळी घरी. "तुझ्या आईला आठवड्यात कळलं. पण ती महिनाभर काही बोलली नाही."

"कसं कळलं?"

"हात स्वच्छ असायचे. नखात ग्रीस नाही."

मला काय बोलावं सुचेना. बाबांनी ड्रम माझ्या हातात दिला. "बसव. ह्या वेळी खूण बघून."

बसवला. पुन्हा सगळं चढवायला आठवडा लागला. पण तो आठवडा खोलीचं दार उघडं होतं आणि मी बर्म्युड्यावर होतो. हिशोबाचा कागद बाबांना दाखवला. त्यांनी पेन्शनवाल्या मित्रांसारखा उपदेश केला नाही, नुसतं "दूध मी आणत जाईन, त्याचे पैसे धरू नको" म्हणाले.

गाडीचे आठही गिअर आता पडतात. ती टीव्हीच्या कपाटावर अर्धा इंच बाहेर आलेली असते आणि पाहुणे आले की बाबा स्वतः खाली काढून पाचवा टाकून दाखवतात. त्यांना एकच तक्रार आहे, की आत वंगण नाही. थेंबभर तेल सोडू का, म्हणून चारदा विचारून झालंय. मी नाही म्हणतो. पण परवा गाडी पुसताना बोटाला काहीतरी चिकट लागलं. वास शिवणाच्या मशीनच्या तेलाचा होता.

माझं म्हणाल तर एका ठिकाणी दोन फेऱ्या झाल्यात, तिसरी सोमवारी. बघू काय होतं ते. झालं की सांगतो, नाही झालं तरी सांगतो.