इतर अधिकारांचा रकाना

८ जानेवारी २०२४
एजंटाने वडगावाबाहेरचा तीन गुंठ्यांचा प्लॉट दाखवला. "वैनी, रोड टच हाय, हायवे पाच मिनिटांवर. भाव वाढायच्या आत इसार देऊन टाका." उसाच्या कडेला चुन्याच्या रेघा, कोपऱ्यांना सिमेंटचे खुंट. आणि रोड म्हणजे पाणंद! समोरून उसाची ट्रॉली आली, तर आम्हाला मोटारसायकल सरीत घालावी लागली. सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "पाणंद नकाशात हाय का बघ पोरी. नसली तर उद्या शेजारी काटं टाकतोय."

१० जानेवारी
गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, चाळीस गुंठ्यांचा एकर. एजंटाचा गुंठा मात्र हजार फुटांचा. उरलेले ८९ म्हणे रस्त्यात गेले. तीन गुंठ्यांमागे २६७ फूट, म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पैसे मात्र पुऱ्या गुंठ्याचे.

११ जानेवारी
महाभूमीवरून १५ रुपयांत डिजिटल सहीचा सातबारा काढला. भोगवटादार वर्ग १, तेवढं बरं. वर्ग २ असता तर बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागली असती, आणि इनाम-वतनांच्या या मुलखात तशा जमिनी कमी नाहीत. पण भोगवटादारांत आई, भाऊ, बहिणी अशी रांगच. विकणारा त्यातला एक. 'इतर अधिकार'मध्ये सोसायटीचा बोजा. खाली प्रलंबित फेरफार: आहे. एजंट यातलं चकार शब्द बोलला नव्हता. तो दर्शनी बाजू सांगतो. घोळ सगळा उजवीकडच्या रकान्यात आणि तळाच्या बारीक अक्षरांत असतो.

१३ जानेवारी
वकिलांकडे गेलो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याखाली गेल्या ऑगस्टपासून बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र १० गुंठे, जिरायतीचं २०. तीन गुंठ्यांचं खरेदीखत होणारच नाही. एजंटाची तोड अशी, की चार-पाच कुटुंबांनी मिळून सामायिक घ्यायचं आणि आपापसांत नोटरी करायची. वकील हसले. नोटरीने जमिनीची मालकी बदलत नाही, नोंदणीकृत खरेदीखतच लागतं. साठेखत झालं तरी तो पुढे विकण्याचा नुसता करार. आमच्या घरी शेती आहे, पण इतर कुटुंबांत कुणी शेतकरी नसेल तर कूळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं. प्रलंबित फेरफार वारसनोंदीचा निघाला. त्यावर १५ दिवसांत कुणी हरकत घेतली, की प्रकरण लांबलंच.

१५ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ घेऊन एजंट हजर. "दुसरी पार्टी तयार हाय. एन.ए. होणारच हाय की."
सासरे म्हणाले, "झाल्यावर या."
इसार दिलेला नव्हता, त्यामुळे व्यवहार तिथंच मोडला. आता नगरपरिषद हद्दीतली, स्वतंत्र मिळकत पत्रिका असलेली जागा बघायची. महाग पडेल, लहान मिळेल, पण खरेदीखत आमच्या नावावर होईल.